संशोधनासाठी सरकारी निधी हवाय? मग आधी बजेटचं हे गणित समजून घ्या

केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये संशोधनासाठीच्या खरेदीचे नियम सैल केले. केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्थांमध्ये कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये झाली. वैज्ञानिक उपकरणं जेम पोर्टलबाहेरून घेण्याची परवानगी देण्याचा अधिकार कुलगुरू आणि संचालकांना मिळाला.

खरेदी सोपी झाली, पण त्याआधीची पायरी तशीच आहे. ती म्हणजे अनुदानाच्या अर्जातलं बजेट आणि त्याचं समर्थन.

बजेटमध्ये काय असतं?

साधारण दोन भाग. उपकरणांसारखा एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षी होणारा खर्च, म्हणजे मनुष्यबळ, रसायनं, प्रवास वगैरे. त्यावर संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे वीज, जागा, प्रशासनाचा वाटा.

आकडे कुठून येतात?

काही आकडे ठरलेले असतात. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये मिळतात. पहिली दोन वर्षं जेआरएफ आणि तिसरं वर्ष एसआरएफ धरलं, तर एका संशोधकाचे तीन वर्षांचे १३ लाख ९२ हजार होतात. घरभाडं वेगळं, आणि ते शहरानुसार बदलतं. मुंबई, पुणे ‘एक्स’ श्रेणीत, तर नागपूर, कोल्हापूर ‘वाय’ श्रेणीत येतात. त्यामुळे पुण्यातल्या अर्जाचा आकडा कोल्हापुरात जसाच्या तसा चालत नाही.

जीएसटीचा घोळ

सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना अनुदानातून केलेल्या संशोधन सेवांवर करमाफी देण्याची शिफारस केली. पण ही माफी उपकरण खरेदीला लागू नाही. सरकारी निधीवरच्या संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारा ५ टक्क्यांचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्येच बंद झाला. २० लाखांच्या उपकरणावर ५ टक्क्यांनी १ लाख कर होतो, १८ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार. जुनं कोटेशन जोडलं, तर २ लाख ६० हजारांचा खड्डा पहिल्याच दिवशी पडतो.

समर्थन म्हणजे काय?

‘रसायनं : ३ लाख’ हा फक्त आकडा झाला. किती नमुने तपासणार, एका नमुन्याला किती खर्च येतो, किती वेळा तपासणी होणार, हे लिहिलं की समर्थन होतं. उपकरण मागताना ते विद्यापीठात आधीच आहे का आणि असेल तर ते का पुरणार नाही, याचंही उत्तर द्यावं लागतं.

कमी मागितलं तर फायदा होतो?

अनेकांना तसं वाटतं. पण मंजूर रक्कम सहसा नंतर वाढत नाही आणि एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडवर मनासारखा वळवता येत नाही. खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते अडकलं की पुढचा हप्ता थांबतो, आणि त्याची झळ सगळ्यात आधी प्रकल्पावर काम करणाऱ्या तरुण संशोधकाच्या मानधनाला बसते.

पुढे काय?

सर्बची जागा घेतलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी २०२३ ते २०२८ या काळात ५०,००० कोटी रुपयांचं नियोजन आहे. त्यातले सरकारचे १४,००० कोटी, बाकी इतर स्रोतांतून यायचे आहेत. हा पैसा छोट्या शहरांतल्या विद्यापीठांपर्यंत पोहोचायचा असेल, तर अर्ज नीट तयार करून देणारी माणसंही तिथे लागतील. आज बहुतेक ठिकाणी हे काम प्राध्यापक तास सांभाळून एकटेच करतात.