विमानतळाचा दर्जा आणि विमानतळाचे दार

प्रवासवर्णन हा आपला लाडका वाङ्मयप्रकार, आणि परदेशी विमानतळाशी आपल्या विमानतळाची तुलना हा त्यातला हुकमी परिच्छेद. तिकडची लख्ख फरशी, तिकडची प्रसाधनगृहे, तिकडची शिस्त; आणि परतल्यावर सहार, तिथला दमट वास, सामानाच्या पट्ट्यापाशी उडालेली झुंबड. लेखक बदलले, दशके उलटली, परिच्छेद तोच राहिला. अलीकडे त्याची उलटी आवृत्ती निघाली आहे. दिल्लीचे टर्मिनल ३ (२०१०) किंवा मुंबईचे टर्मिनल २ (२०१४) दाखवून ‘आता आपण कुठे कमी आहोत?’ असे ऊर भरून विचारले जाते. न्यूनगंड आणि अभिमान वरवर परस्परविरोधी वाटतात. पण दोघांची मोजपट्टी एकच आहे, आणि प्रस्तुत लेखकाचे भांडण त्या मोजपट्टीशी आहे.

चकचकाटाचा मुद्दा आधी निकालात काढू. बर्लिनचा नवा विमानतळ २०११ साली सुरू व्हायचा होता. तो ऑक्टोबर २०२० मध्ये उघडला. हीथ्रोचे टर्मिनल ५ मार्च २००८ मध्ये सुरू झाले तेव्हा सामानाची यंत्रणा कोलमडून शेकडो उड्डाणे रद्द झाली. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर मे २००४ मध्ये वर्षही न झालेल्या टर्मिनलचे छत कोसळून चार माणसे दगावली. त्यामुळे जून २०२४ मध्ये दिल्लीच्या टर्मिनल १ चे छत कोसळले तेव्हा ‘हे आपल्याकडेच घडू शकते’ हा जो सूर लागला, तो अज्ञानाचा होता. बांधकाम कुठेही फसते. ते खर्चाने आणि कसबाने सुधारता येते, आणि आपण ते बऱ्याच अंशी सुधारलेही आहे.

खरा फरक दारात आहे. सिंगापूरच्या चांगी विमानतळाला लागून २०१९ मध्ये ‘ज्युएल’ उघडले. त्यातला चाळीस मीटर उंचीचा धबधबा पाहायला विमानाचे तिकीट लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत तिथले विद्यार्थी टर्मिनलमध्ये पुस्तके घेऊन अभ्यासाला बसतात. ॲमस्टरडॅमच्या स्किपोलला प्रस्थान-आगमनाचा चौक हाच रेल्वे स्थानकाचाही चौक आहे. टोकियोच्या हानेदाला गच्चीवर जाऊन कुणीही विमाने पाहत उभे राहावे. आपल्याकडे मात्र काचेच्या दाराशी जवान तिकीट आणि ओळखपत्र मागतो. त्यांतले एक नसेल तर आपण रस्त्यावर. काही ठिकाणी भेट देणाऱ्यांसाठी प्रवेशतिकीट मिळते. पण सुरक्षेचा इशारा आला की पहिली गदा त्याच्यावर येते.

यावर सुरक्षेचे उत्तर तयार असते, आणि ते पोकळ नाही. डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर, २००० सालापासून, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे विमानतळ येऊ लागले. मार्च २०१६ मध्ये ब्रुसेल्सच्या खुल्या सभागृहात स्फोट झाले, हेही खरे. पण त्याच वर्षी जूनमध्ये इस्तंबूलला हल्लेखोरांनी गाठले ते दाराशीच तपासणी असलेल्या विमानतळाला. गर्दी आत येऊ दिली नाही म्हणून नाहीशी होत नाही. ती दाराबाहेर साचते. शिवाय पिशवी तपासणे वेगळे आणि तिकीट विचारणे वेगळे. मुंबईच्या मेट्रोत पिशवी तपासतात. तू का आलास, असे विचारत नाहीत.

आता मोजपट्टीकडे येऊ. विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे जे गुणवत्ता-सर्वेक्षण गाजते, त्यात प्रस्थानाबाबत प्रश्न विचारले जातात ते विमानाची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांना. म्हणजे जो आत पोहोचला, त्यालाच दर्जा विचारायचा. आपले प्रवासवर्णनकार नेमके हेच करत आले. तिकीट हाती असलेला माणूस लिहितो आणि दाराबाहेर राहिलेल्यांना पहिल्या पानावरच हात हलवून मोकळा होतो. निरोप हा या वाङ्मयप्रकाराचा परंपरेने पहिला प्रसंग. आज तो घडतो कुठे? मोटारीच्या उघड्या डिकीपाशी, मागच्या गाड्यांचे भोंगे आणि पोलिसाची शिट्टी यांच्यामध्ये, दोन मिनिटांत. म्हातारी आजी नातवाला बोर्डिंगच्या रांगेपर्यंत पाहू शकत नाही. काचेतून जेवढा दिसेल तेवढा दिसेल.

मार्क ओजे या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ साली विमानतळांना ‘अ-स्थळे’ म्हटले. आमच्या विद्यापीठीय चर्चासत्रांत ही संज्ञा फार वापरली जाते, बरेचदा न वाचता. ओजेचे एक निरीक्षण मात्र फारसे कुणी उचलत नाही: अशा जागेत अनामिक व्हायचे तर आधी आपली ओळख सिद्ध करावी लागते. आपल्या विमानतळांना ते दुपटीने लागू आहे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या ‘डिजी यात्रा’नंतर तर चेहराच ओळखपत्र झाला. तिकडे ही सिद्धता साधारणतः पारपत्राच्या किंवा सुरक्षातपासणीच्या खिडकीशी सुरू होते. आपण ती उंबऱ्यावर आणून ठेवली आहे.

मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये राजीव सेठी यांच्या संयोजनातून ‘जय हे’ ही भव्य कलाभिंत उभी राहिली. देशभरच्या कारागिरांची आणि चित्रकारांची हजारो कामे तिथे आहेत. काम उत्तम आहे, यात वाद नाही. तिला ‘सार्वजनिक कला’ म्हणतात, वाद आहे तो इथे. ज्या कारागिराने त्यातले लाकूड कोरले, तो आपल्या मुलांना घेऊन ते पाहायला आला तर त्याला दारातूनच परत जावे लागेल. (स्किपोलमधले राइक्सम्युझियमचे दालनही पारपत्र-तपासणीच्या पलीकडे आहे, हे मान्य. पण मूळ राइक्सम्युझियम शहरात आहे.)

नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे हलवली. कमळाच्या आकाराच्या त्या छताची छायाचित्रे आता ‘आपण कुठे कमी आहोत’ या सदरात फिरत आहेत. त्या दहा गावांतल्या माणसाला आपल्या जुन्या अंगणाच्या जागेवर काय उभे राहिले, हे आत जाऊन पाहायचे असेल, तर त्याने कुठल्या गावचे तिकीट काढावे?