आधी मोजा, मग फेका

आमच्या शाळेत किट इन्स्पेक्शनला एक पायमोजा कमी निघाला तरी रजिस्टरमध्ये नोंद होते. गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत जबलपूरला (बाबांची बदली तिथे आहे) ग्वारीघाटावर आम्ही मुलांनी दोन तास नर्मदेतला कचरा उचलला. त्याची नोंद काय? 'सात पोती.' पोत्यांसोबत फोटो झाला, पोती ट्रॉलीत गेली. आत काय होतं, ते कुणी पाहिलंच नाही.

समुद्रात हौसेने बुडी मारणारे स्कूबा डायव्हर असं करत नाहीत. २०११ पासून 'डाइव्ह अगेन्स्ट डेब्रिस' हा उपक्रम जगभर चालू आहे. त्यातले लोक पगारी नसतात, शास्त्रज्ञही नसतात. तळाचा कचरा वर आणायचा, वजन करायचं, मग वेगळा करून एकेक वस्तू मोजायची. बाटल्या किती, दोर किती, मासेमारीची जाळी किती, ते कुठे सापडलं, हे सगळं लिहून पाठवायचं. किनाऱ्यावरचा कचरा त्यात मिसळायचा नाही. काहीच सापडलं नाही तर तेही कळवायचं. मला हा शून्याचा नियम फार आवडला. आपण शून्य सापडलं तर फोटोसुद्धा काढणार नाही!

एनसीसीचं 'पुनीत सागर अभियान' १ डिसेंबर २०२१ ला सुरू झालं. आधी समुद्रकिनारे, मग नद्या आणि तलावही त्यात आले. म्हणजे आपल्यासारखे कॅडेट हे काम करतातच. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक पोत्यामागे एक कागद हवा.

माझा मित्र म्हणतो, "मोजून कचरा कमी होतो का?" होत नाही. पण तो कुठून येतो ते कळतं. गुटख्याच्या पुड्या जास्त निघाल्या तर टपरीवाल्याशी बोलावं लागेल, फुलांच्या पिशव्या निघाल्या तर फुलवाल्याशी. 'सात पोती' घेऊन कुणाकडे जाणार? टेहळणीला गेलेला जवान 'शत्रू पुष्कळ आहे' एवढंच सांगत परत आला, तर त्याला काय ऐकावं लागेल ते सर्वांना माहीत आहे.

कॅडेटांनी नदीत बुड्या माराव्यात असं मी मुळीच म्हणत नाही. ग्वारीघाटाला ओढ आहे, आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यात हातसुद्धा दिसत नाही. ते काम प्रशिक्षित पाणबुड्यांचं. आपण काठावर बसून मोजू शकतो. शिवाय तळाची खरी माहिती घाटावरच्या मुलांना असते. ती दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात. एकाला मी विचारलं, खाली काय असतं? तो म्हणाला, "भैया, सिक्के कम, पन्नी और चुनरी ज़्यादा." त्याला अजून कुणी हा प्रश्न विचारला असेल असं वाटत नाही.

इथली पिशवी वाहत गेली तर पुढे इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर ही धरणं आहेत. तिथे अडकली नाही तर खंबातच्या आखातात, म्हणजे त्या डायव्हरांच्या समुद्रात.

सुट्टी संपताना आजी साताऱ्याहून नर्मदास्नानाला आली. तोवर मी घाटावर वही घेऊन बसायला लागलो होतो, पायरीजवळ दिसेल तेवढंच लिहायचो. आजीने ओटी सोडली, हात जोडले आणि निर्माल्य पिशवीसकट पाण्यात टाकलं. मी काही बोललो नाही. वहीत 'प्लास्टिक पिशवी, फुलांची' या रकान्यात एक रेघ ओढली. आजीने विचारलं, "काय लिहितोस रे?" मी वही तिच्या हातात दिली. चष्मा लावून तिने सगळ्या रेघा मोजल्या.

"यातली माझी कुठली?" तिने विचारलं.