फटका आणि फाशी

कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात किंवा आंबिवलीच्या आसपास गाडी मंदावली, की दारात उभा असलेला सरावाचा प्रवासी फोन खिशात टाकतो. नवख्याला शेजारचा सांगतो, 'भाऊ, मोबाइल आत घ्या, फटका बसेल.' रुळालगतच्या खांबाशी कोणी काठी घेऊन दबा धरून असतो. हातावर काठी बसते, फोन खडीत पडतो, गाडी पुढे निघून जाते. मुंबईकरांनी या प्रकाराला दिलेला शब्दही असा, की ऐकणाऱ्याला क्रिकेट आठवावे. कधी फोनच्या मागोमाग माणूसही खडीत पडतो. मग दोन दिवस वाहिन्यांवर आणि डब्याडब्यांत एकच मागणी होते: फाशी द्या.

मागणी समजण्यासारखी आहे. सकाळी डबा घेऊन निघालेला माणूस दहा हजारांच्या फोनपायी परत येत नाही, तेव्हा त्याच्या घरच्यांना कलमे समजावून सांगणे हा निर्दयपणाच. पण अग्रलेख लिहिणाऱ्याला तो करावा लागतो. चोरी करायला निघालेल्याच्या हातून मृत्यू घडला, तर त्याला चोर म्हणून शिक्षा द्यायची की खुनी म्हणून?

हा प्रश्न नवा नाही. भारतीय दंड संहितेचा मसुदा १८३७ साली तयार झाला, तेव्हा मेकॉलेने त्याला जोडलेल्या टिपणांत नेमका हाच पेच सोडवला आहे, आणि उदाहरण घेतले आहे ते पाकीटमाराचे. मोठ्या शहरात शेकडो पाकीटमार रोज खिसे कापतात. त्यांतल्या एकाने ज्या गृहस्थाच्या खिशात हात घातला, त्या खिशात भरलेले पिस्तूल होते. चाप ओढला गेला आणि गृहस्थ मेला. बाकीच्यांनीही तेच केले, त्याच हेतूने केले, तेवढीच काळजी घेतली किंवा घेतली नाही. मग ते चोर आणि हा खुनी, हे कोणत्या न्यायाने? खिसेकापूपणाची शिक्षा अपुरी वाटत असेल तर ती वाढवा, पण सगळ्यांसाठी वाढवा, असे त्याचे म्हणणे. मेकॉलेविषयी आपल्याकडे फारसे बरे बोलले जात नाही आणि त्याची कारणेही आहेत. पण हा युक्तिवाद आजवर कोणाला खोडता आलेला नाही.

१८६० च्या संहितेत तो उतरला. गुन्हा करताना मृत्यू घडला एवढ्यावरून आपोआप खून ठरवणारा नियम इंग्लंडने १९५७ पर्यंत बाळगला, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तो आजही आहे. तिथे बाहेर गाडीत बसून राहिलेला साथीदारही खुनी ठरू शकतो. आपल्याकडे न्यायालय विचारते ते आरोपीच्या मनातले: हेतू काय होता, आणि त्याला जाणीव कशाची होती? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, हा प्रश्न तोच राहिला.

मात्र मेकॉलेच्या पाकीटमाराची बाजू फटका मारणाऱ्याला घेता येणार नाही. पिस्तूल खिशात असेल हे त्या चोराच्या स्वप्नातही नव्हते. इथे मात्र दारात माणसे लोंबकळत आहेत, त्यांचा एक हात दांडीवर आहे, गाडी चालू आहे, हे काठी उगारणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. किंबहुना म्हणूनच तो ती जागा निवडतो. आपल्या फटक्याने माणूस मरू शकतो ही जाणीव त्याला नव्हती, असे कोणता वकील म्हणेल? ठार मारण्याचा हेतू नाही पण जाणीव आहे, अशा मृत्यूला कायद्यात सदोष मनुष्यवध म्हणतात आणि कलम १०५ मध्ये त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आमच्या मते फटक्याने झालेल्या मृत्यूची बहुतांश प्रकरणे इथे बसतात. खुनाचे कलम रेटून लावले की टाळ्या मिळतात. पण त्यात जन्मठेप किंवा फाशी याखेरीज पर्याय नसल्याने न्यायाधीश हेतू शोधू लागतो, आणि तो फोनपलीकडे सापडत नाही.

अवघड आहेत ती अधलीमधली प्रकरणे. मे २०२१ मध्ये कळव्याला फोन हिसकावणाऱ्याशी झालेल्या झटापटीत एक महिला प्रवासी गाडीखाली गेली. तिथे काठी नव्हती. मोटारसायकलवरून मंगळसूत्र खेचले जाते, बाई डोक्यावर आपटते, तेव्हाही नसते. अशा वेळी वेग किती होता, ती दारापाशी होती की आत, त्याने ढकलले की ती मागे धावली, यावर सगळे ठरते. आणि ते ठरवायला साक्षीदार व कॅमेरे लागतात, घोषणा नव्हेत. केरळमध्ये २०११ साली रेल्वेत एका तरुणीवर झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली, पण फाशी रद्द केली. कारण आरोपीने तिला गाडीबाहेर ढकलले की तिने उडी मारली, हे निःसंशय सिद्ध झाले नव्हते. देश संतापला. तो संताप तपासातल्या फटीवर मात्र फारसा गेला नाही.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये शहाड-आंबिवलीदरम्यान तपोवन एक्स्प्रेसच्या दारातल्या एका तरुणाच्या हातावर असाच फटका बसला. तो पडला, वाचला, पाय मात्र गेला. त्याच्या जागी दुसरा कोणी नुसता मनगट चोळत घरी गेला असता. काठी तीच, जाणीव तीच. तरीही एकासाठी मोर्चा, दुसऱ्यासाठी बातमी, आणि तिसऱ्याला चौकीत विचारणा, 'फोनचे बिल आणलेय का?' हिसकावण्यासाठी नव्या संहितेत कलम ३०४ आले, त्यात शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे. म्हणजे साध्या चोरीला आहे तेवढीच. फटका त्या कलमात कोंबणे हीच चूक आहे. चोरीसाठी इजा केली की ती जबरी चोरी होते, आणि तिला कलम ३०९ मध्ये थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. माणूस मेला नाही तरी सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नासाठी कलम ११० आहे; इजा झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. प्रवाशांच्या जिवाला धोका होईल हे ठाऊक असताना गाडीवर लाकूड-दगड मारणाऱ्यालाही १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १५२ दहा वर्षे किंवा जन्मठेप देऊ शकते, कोणाला खरचटले नसले तरी. नव्या कायद्याची मागणी करणाऱ्यांनी आधी हे जुने वापरून पाहावेत.

ज्या चोरीत धोका नाही, तिथे उलट हात सैल सोडायला हवा. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर नव्या संहितेने समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. ते योग्यच झाले. काठी घेऊन उभी राहणारी पोरे अनेकदा मिसरूडही न फुटलेली, नशेच्या नादी लागलेली असतात. त्यांचे काय करायचे हे बाल न्याय मंडळ ठरवील, पण गुन्ह्याचे नाव तरी बरोबर लिहिले जावे.

त्या नावावर मृताच्या घरच्यांचेही बरेच अडते. गाडीतून पडून मृत्यू आल्यास तिकीट किंवा पास असलेल्या प्रवाशाच्या वारसांना २०१७ पासून आठ लाखांची भरपाई मिळते. पंचनाम्यात 'रूळ ओलांडताना' असे दोन शब्द पडले, की वारसांना दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे घासाघीस. खडीत सापडलेल्या देहाजवळ फोन नाही, हे लोहमार्ग पोलिसांच्या हवालदाराच्या लक्षात यायला हवे. तसे झाले तर कुटुंबाला पैसे मिळतात आणि काठीवाल्याचा शोधही सुरू होतो. नाहीतर अपघाती मृत्यूची आणखी एक नोंद होते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच खांब, तीच गाडी.