वाकळ : आपल्या आयाबायांची कला

हस्तकला म्हटले की आपल्या मराठवाड्यात पैठणी आणि हिमरू यांचीच नावे निघतात. दोन्ही वस्त्रे सुंदर, पण कष्टकऱ्याच्या अंगावर ती क्वचितच चढली. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागात आमच्या घराघरांतून रोज पांघरली जाते ती वाकळ. कोणी गोधडी म्हणतात. तिला कला मात्र कोणी म्हणत नाही, कारण ती बायकांनी, चिंध्यांतून आणि फुकटात केलेली असते.

चिंध्यांची लाज वाटणाऱ्यांनी विनयपिटकातली गोष्ट आठवावी. मगधातली बांध घातलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला विचारले, भिक्खूंचे चीवर असे करता येईल काय? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर केले व तथागतांनी त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली. आजही चीवर तुकडे जोडूनच शिवतात.

वाकळ दिसते तितकी सोपी नाही. जुने लुगडे धुऊन जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, जुन्या कपड्यांचे थर सुरकुती न पडता लावायचे, वर दुसरे लुगडे. मग कडेने धावदोरा घालत आत आत यायचे. टाके विरळ पडले की आतला कपडा गोळा होतो. आता सुती लुगडी दुर्मिळ झाली. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या सुईखाली सरकतात, घामही टिपत नाहीत. म्हणून जाणती बाई आत एखादा तरी सुती थर घालतेच. ऊसतोडीला गेलेल्या बिऱ्हाडाला कोपीतली थंडी याच वाकळीवर काढावी लागते.

परंपरेचे सगळेच जपा, असे आम्ही म्हणणार नाही. मेलेली ढोरे ओढणे, सोलणे यांतही कसब होतेच. पण ती कामे जातीने लादलेली होती आणि महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून बाबासाहेबांनी ती सोडायला लावली, हेच योग्य झाले. वाकळ कोणी लादली नाही. तिच्यात दारिद्र्य होते, गुलामी नव्हती. फुकट धरले गेले ते बाईचे श्रम, आणि तेवढे मात्र बदलले पाहिजे.

शहरात हाताने शिवलेल्या गोधड्यांना आता चांगली किंमत येते. तेव्हा भगिनींनो, कपडा जुना म्हणून कोणाला भाव पाडू देऊ नका. घरकाम सांभाळून एक वाकळ पुरी व्हायला पंधरा-वीस दिवस सहज जातात. किती तास बसलात ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा, गावात चालू असलेल्या मजुरीने हिशोब करा. दोऱ्याचा खर्च वेगळा.