काचेवरील तपशिलाचे कागद

तोक्योतील बहुतेक रेल्वेस्थानकांबाहेर घरदलालांच्या पेढ्या असतात आणि त्यांच्या दर्शनी काचा भाड्याच्या घरांच्या कागदांनी इतक्या झाकलेल्या असतात की आत कोणी बसले आहे की नाही, याचाही पत्ता लागू नये. प्रत्येक कागदावर घराचा नकाशा, त्याखाली बारीक टायपातील तपशील आणि वर ठळक अक्षरांत दरमहा भाड्याचा आकडा. नोकरीनिमित्त त्या देशात नुकताच उतरलेला गृहस्थ साहजिकच तो आकडा आधी वाचतो. पण घर कसे आहे हे कळावयाचे तर त्याने डोळे खाली, बारीक टायपाकडे न्यावेत.

नकाशापाशी ‘टू-एलडीके’ असे काहीतरी लिहिलेले असते. आरंभीचा अंक स्वतंत्र खोल्यांचा आणि पुढील तीन रोमन अक्षरे बैठक, भोजन व स्वयंपाक यांची. या निरुपद्रवी दिसणाऱ्या अक्षरांमागे मोठा इतिहास आहे. निशियामा उझो या वास्तुशास्त्रज्ञाने युद्धापूर्वी व युद्धकाळात गरिबांच्या घरांची पाहणी करून असे दाखवून दिले, की जागा कितीही अपुरी असली तरी माणसे जेवण्याची जागा निजण्याच्या जागेपासून निराळी राखण्याची धडपड करतात. बेचिराख झालेल्या शहरांतून सरकारी घरे उभारण्याची वेळ आली तेव्हा, १९५१ साली, तोक्यो विद्यापीठातील योशिताके यासुमी यांच्या मंडळींनी याच तत्त्वावर सुमारे ३५ चौरस मीटरांचा एक आराखडा सिद्ध केला आणि स्वयंपाकघर थोडे वाढवून त्यातच जेवणाची सोय केली. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाने ही रचना देशभर रूढ केली. याच अक्षरांत क्वचित ‘एस’ घुसलेला आढळतो. ती खोली दिसावयास खोलीसारखीच असते. परंतु कायद्याने वास्तव्याच्या खोलीला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सामान्यतः एकसप्तमांश इतकी खिडकी लागते आणि तेवढा उजेड नसल्यामुळे जाहिरातीत तिला सामानाची खोली म्हणावे लागते. तीत कोणी निजू नये, असे मात्र कोणी सांगत नाही!

मोजमापांच्या बाबतीत हा कागद कमालीचा काटेकोर असतो. खोलीचा आकार तातामी चटयांत सांगतात. क्योतोची चटई तोक्योच्या चटईहून मोठी, म्हणून जाहिरातीपुरती एक चटई किमान १.६२ चौरस मीटरांची धरावी, असा दंडक आहे. स्थानकापासूनचे अंतर मिनिटांत, दर मिनिटास ८० मीटर या हिशेबाने, आणि वरचा अपूर्णांक पुरे मिनिट धरून. चढाव आणि रस्ता ओलांडताना थांबावे लागणारे सिग्नल मात्र या हिशेबात येत नाहीत. इमारतीचे साल पाहताना तर अधिकच सावध असावे. भूकंपरोधक बांधकामाचे कडक नियम १ जून १९८१ पासून अमलात आले खरे, परंतु ते लागू होतात बांधकामाच्या मंजुरीच्या तारखेवरून. कागदावर छापतात ती काम पुरे झाल्याची तारीख. सबब १९८२ साली पुरी झालेली इमारत जुन्या नियमांची असणे सहज संभवते.

पैशांच्या रकान्यात प्रथम अनामत येते. ही रक्कम परतीची असून नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेचा भुर्दंड भाडेकरूवर नाही, हे २०२० पासून दिवाणी कायद्यातच स्पष्ट केलेले आहे. तिच्या शेजारी बसतो तो घरमालकाचा नजराणा, बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतका, जो परत मागण्याची सोय नाही. आमच्या मुंबईच्या पागडीची येथे कोणालाही आठवण व्हावी. फरक एवढाच, की हा नजराणा उघडपणे छापलेला असतो आणि त्याची पावतीही मिळते. शिवाय दलाली, आगीचा विमा, जामीन राहणाऱ्या कंपनीचे शुल्क, आणि तोक्योकडील शिरस्त्याप्रमाणे दर दोन वर्षांनी करार पुढे चालू ठेवण्याचा मोबदला. हा मोबदला अवाच्या सवा नसेल तर वैध आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला.

एवढे सगळे छापणारा कागद एका बाबतीत मौन पाळतो. पेढीवरचा तरुण आपल्यादेखत घरमालकाला दूरध्वनी करतो, नोकरी सांगतो, पगार सांगतो, माणसे किती ते सांगतो, आणि अखेरीस आवाज किंचित उतरवून परदेशी असल्याचे सांगतो. मग बराच वेळ नुसते ‘हो, हो’ आणि रिसीव्हर ठेवल्यावर आपल्यापुढे एक खोल लवून केलेला नमस्कार. न्याय मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशीयांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी आपणांस परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे नमूद केले होते. चटई किती मोठी असावी याचा नियम करणाऱ्या समाजाला या नकाराचाही रकाना छापता आला असता. निदान लोकांच्या खेपा तरी वाचल्या असत्या.

एदोगावा भागातील निशिकासाई येथे भारतीयांची, आणि त्यांत मराठी माणसांची, जी वस्ती झाली, तिला या अडचणीतून निघालेली एक वाट कारण आहे. पूर्वीच्या गृहनिर्माण महामंडळाचा वारसा आज ज्या ‘यूआर’ नामक संस्थेकडे आहे, ती नजराणा घेत नाही, दलाली घेत नाही, जामीन मागत नाही आणि करार पुढे चालू ठेवण्याचेही काही आकारत नाही. उत्पन्नाची अट पुरी करणाऱ्या आणि दीर्घ मुदतीचा परवाना असणाऱ्या परदेशीयाला तेथे अर्ज करता येतो आणि बहुतेक घरे पहिल्या अर्जदारास दिली जातात. इमारती पुष्कळदा जुन्या आणि छताला दिवे भाडेकरूनेच आणून लावावयाचे. परंतु परिचयातील कोणी बायकामुलांसह नव्याने येणार असेल, तर मी त्याला दलालाकडे जाण्यापूर्वी यूआरच्या कचेरीत जाण्यास सांगतो.