बातमीचा सातबारा

भाऊबीज उलटली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. दुपारी दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचे नाटक, आणि आता दंडारीभोवती उंचावलेले मोबाइल. गावातलाच एखादा पोरगा चित्रण करून रात्रीच ते यूट्यूबवर टाकतो. त्याचा हा उद्योग विकत घ्यायला कुणी येत नाही. माध्यमांचे मोठे सौदे लाखो-कोटींच्या प्रेक्षकसंख्येवर ठरतात.

असाच एक सौदा मात्र थेट याच जिल्ह्यातल्या तिरोड्याशी नाते सांगतो.

एनडीटीव्हीच्या प्रवर्तक कंपनीने २००९-१० मध्ये विश्वप्रधान कमर्शियलकडून ४०३.८५ कोटींचे बिनव्याजी कर्ज घेतले होते. त्याच्या मोबदल्यात प्रवर्तक कंपनीचे जवळजवळ सगळे समभाग मिळवण्याचा हक्क कर्ज देणाऱ्याकडे होता. २३ ऑगस्ट २०२२ रोजी अदानी समूहाने ही विश्वप्रधानच ११३.७४ कोटींना घेतली आणि एनडीटीव्हीच्या २९.१८ टक्के हिश्श्यावर हक्क सांगितला. सावकाराचा कागद विकत घेऊन शेतावर उभे राहावे, तसा हा डाव. पुढे खुला देकार आला, वाहिनीच्या संस्थापक रॉय दांपत्यानेही बहुतेक समभाग विकले. वर्षअखेर समूहाचा हिस्सा ६४ टक्क्यांवर गेला.

१ मे २०२४ रोजी एनडीटीव्ही मराठी सुरू झाली. गोंदिया जिल्ह्याला त्याच दिवशी पंचवीस वर्षे पूर्ण झाली. याच जिल्ह्यात, तिरोड्याला, अदानी समूहाचा ६६० मेगावॉटच्या पाच संचांचा, एकूण ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. उद्या तिथल्या राखेची किंवा वैनगंगेच्या पाण्याची बातमी आली, तर प्रकल्प आणि वाहिनी एकाच घरची आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक असायला हवे.

गोष्ट एकाच समूहाची नाही. ईटीव्ही मराठी नेटवर्क१८कडे गेली आणि २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे माध्यम-व्यवसाय एकत्र आले, त्या वेळी या उद्योगाचे मूल्य ७०,३५२ कोटी धरले गेले. संध्याकाळच्या मालिकांत एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह आता एकाच छपराखाली आहेत. जाहिरातदाराशी दर ठरवताना अशा घराचा हात वरचा राहतो. विलीनीकरणामागचे गणित बऱ्याच अंशी तेच.

वृत्तपत्रे वर्षानुवर्षे मार्चच्या सुमारास ‘फॉर्म ४’ छापत आली: मालक कोण, मुद्रक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाचे. मोबाइलवरच्या बातमीखाली असा मजकूर सहसा दिसत नाही. तो दिसावा, आणि मालकाच्या इतर उद्योगाविषयीची बातमी असेल तर ते नातेही तिथेच नमूद व्हावे, एवढी मागणी या दिवाळी अंकाच्या निमित्ताने करायला हरकत नाही. या अंकातही राईस मिलच्या, पतसंस्थांच्या, सराफांच्या जाहिराती आहेत. पण त्या जाहिरात म्हणूनच छापल्या आहेत.