नकाशातली उंची

दिवाळीत पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात पोरांनी किल्ला केला होता. विटा, पोती, लाल माती, वर पेरलेले अळीव. "आजोबा, हा राजगड," नातू म्हणाला. मी विचारले, "पाऊस पडला तर पाणी कुठून उतरेल?" तो गोंधळला. "पुस्तकातल्या नकाशात तसं काही नव्हतं."

खरे तर नकाशात ते असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांवर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी रेषा असतात. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की उतार मंद. आमच्या पिढीने ही व्याख्या पाठ केली, मार्क मिळवले आणि डोंगराकडे न बघताच पुढच्या वर्गात गेलो.

अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत, ऑलिव्हर क्रायलोस आणि सहकाऱ्यांनी यावर एक छान तोड काढली. ऑगमेंटेड रिअॅलिटीची वाळूपेटी! व्हिडिओ गेमसाठी निघालेला कॅमेरा वरून वाळूची उंची मोजतो, संगणक रेषा आखतो आणि प्रोजेक्टर त्या रंगांसह वाळूवर पाडतो. मुलाने ढीग उंच केला की रेषा दाटतात, सपाट केला की पसरतात. पेटीवर तळहात धरला की हाताखाली पाऊस पडतो आणि प्रकाशाचे पाणी उतार शोधत निघते. ही संगणकप्रणाली मोफत आहे, खर्च यंत्रांचा.

आमच्या मीरा-भाईंदरला अशा पेटीची विशेष गरज आहे. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, खाडीकाठी खारफुटी आणि मिठागरे. पावसात डोंगराचे पाणी खाली येते आणि भरती असली तर खाडी ते घेत नाही. मधे आपण राहतो.

बँकेत असताना घरकर्जाच्या शेकडो फायली माझ्या हाताखालून गेल्या. मालकी, मंजूर आराखडा, क्षेत्रफळ, किंमत. जागा आजूबाजूपेक्षा खोलगट आहे का, असा रकाना अर्जात नव्हता आणि मीही कधी विचारले नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर तळमजल्यावरचे एक खातेदार भिजलेले पासबुक घेऊन माझ्यासमोर बसले. त्यांच्या कर्जाच्या मंजुरीवर सही माझी होती.

म्हणून म्हणतो, शाळांनी वाळूपेटी जरूर आणावी. पण खोळ घालून कुलपात ठेवायला नको. शाळांतल्या संगणकांचे ते भाग्य आपण पाहिले आहे! पेटीत आपला डोंगर, आपली खाडी, आपला रस्ता करावा आणि जुलैत छत्र्या घेऊन पाणी खरेच तसे वाहते का ते बघायला मुलांना बाहेर न्यावे. पेटी येईपर्यंत माती आहेच.

त्या संध्याकाळी आम्ही राजगडावर बादलीभर पाणी ओतले. पोरांनी आरडाओरडा केला, दोन मावळे वाहून गेले. पाणी गडाच्या पायथ्याशी थांबले नाही. फरशीवरून हळूहळू सरकत आमच्याच जिन्याच्या पायरीशी येऊन साचले. नातू खुरपे आणायला पळाला.